लष्करी विमानांचे मायावरण व रंगयोजना

लष्करी विमान शत्रूच्या नजरेस सहजासहजी पडू नये म्हणून त्याच्या पृष्ठभागावर योजलेले रंग व आकृतिबंध. वरून पाहणाऱ्यासाठी पाठ जमिनीच्या रंगाची, खालून पाहणाऱ्यासाठी पोट आकाशाच्या रंगाचे, हे त्यामागचे मूळ सूत्र. रंगाचे पहिले काम मात्र पृष्ठभागाचे रक्षण हेच होते व आजही आहे. लपविण्याचे काम त्यावर चढलेले आहे.

1914 मधील विमाने लिननच्या कापडाने मढविलेली असत. कापड ताठ राहावे म्हणून त्यावर डोप हा द्राव चढवीत. डोप पारदर्शक असल्याने विमान फिकट पिवळसर दिसे आणि उन्हातील अतिनील किरणांनी कापड लवकर जीर्ण होई. ब्रिटिशांनी 1916 च्या सुमारास वापरात आणलेल्या पीसी-10 या डोपात पिवळी गेरूवर्गीय माती व काजळी मिसळलेली होती. त्यामुळे ऊन अडले आणि विमान जमिनीच्या पार्श्वभूमीत मिसळूही लागले. हा रंग हिरवा की तपकिरी, याविषयी अभ्यासकांत जुना वाद आहे. संग्रहालयांतील अनेक तुकडे तपकिरी दिसतात. पिवळ्यात काळा मिसळला की मळकट हिरवी छटा येते, ही गोष्ट हिरव्याच्या बाजूने जाते; तर वरचे तेलयुक्त व्हार्निश काळाने पिवळे-तांबूस पडते, त्यामुळे आजच्या तुकड्यांवरून मूळ छटा ठरविणे धोक्याचे आहे. ताजा असताना हिरवट व पुढे तपकिरी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जर्मनांनी 1917 मध्ये बहुकोनी रंगीत ठिपके छापलेले कापडच वापरात आणले. त्यामुळे रंगाचा वेगळा थर व त्याचे वजन टळले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पाठीवर गडद हिरवा व मातकट तपकिरी असे पट्टे होते. लढाई उंचावर व समुद्रावर सरकल्यावर, 1941 मध्ये, तपकिरीच्या जागी करडा आला. ब्रह्मदेश आघाडीवर जपानी विमानांवरील तांबड्या वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिश व भारतीय विमानांच्या गोल चिन्हातील तांबडा ठिपका काढला गेला. रात्रीच्या विमानांसाठी खरखरीत काळा रंग वापरला जाई, पण त्याने वेग घटे. सर्चलाइटच्या झोतात चकचकीत काळा अधिक चांगला लपतो, असे पुढे अमेरिकी चाचण्यांत आढळले.

भारतात 1965 पर्यंत नॅट, मिस्टेअर, मिग-21 ही विमाने बहुधा उघड्या धातूच्या चंदेरी रूपातच उडत. 6 सप्टेंबर 1965 रोजी पठाणकोट येथे जमिनीवरील अशी चंदेरी विमाने पाकिस्तानी हल्ल्यात नष्ट झाली. 1971 च्या युद्धातील छायाचित्रांत बरीच विमाने रंगविलेली दिसतात, पण एकाच जातीच्या दोन विमानांवरचे पट्टे जुळत नाहीत. पुढे हवाई लढतीच्या विमानांवर करड्या छटा रूढ झाल्या.

हिरवा-तपकिरी मेळ सर्वत्र सारखा चालत नाही. नागपूरच्या आसपास पावसाळ्यात तो जमिनीत मुरतो, पण मार्च-एप्रिलमध्ये सागाची पानगळ झाली आणि नांगरलेली काळी शेते उघडी पडली की तोच हिरवा पट्टा उठून दिसावा.

नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. नाशिकजवळचा ओझर येथील 11 क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो (विमान दुरुस्ती केंद्र) याच कमांडखाली येतो. रंगकामाचा लष्करी अर्थ अशा डेपोंतच उमगतो. मोठ्या दुरुस्तीत जुना रंग खरवडून पत्र्यावरील तडे व गंज तपासतात, मग प्रायमर व वरचा रंग चढवितात. सुकाणू, एलेव्हेटर, एलेरॉन या विमानाची दिशा व कल बदलणाऱ्या हलत्या भागांचा समतोल रंगानंतर पुन्हा पाहावा लागतो. रंगाच्या जादा वजनाने हे भाग वेगात थरथरू लागले तर विमान हवेतच मोडू शकते.

रडार आल्यावर डोळ्यांपुरते मायावरण अपुरे ठरले. एसआर-71 या अतिवेगवान अमेरिकी टेहळणी विमानावरील काळ्या लेपात रडारलहरी शोषणारे लोहकण होते. तो लेप उष्णता बाहेर टाकून पत्रा थंड ठेवण्यासही उपयोगी पडे.