एक्लिप्स कॉमिक्स

एक्लिप्स कॉमिक्स : अमेरिकेतील एक स्वतंत्र चित्रकथा-प्रकाशनसंस्था (सु. १९७७–९४). अधिकृत नाव एक्लिप्स एंटरप्रायझेस. डीन व जॅन मलेनी या बंधूंनी ती न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात सुरू केली. काही संदर्भग्रंथांत स्थापनावर्ष १९७८ असे दिलेले आढळते. ते पहिल्या पुस्तकाचे वर्ष आहे. संस्थेचे बिऱ्हाड पुढे मिसूरीतील कोलंबिया, तेथून उत्तर कॅलिफोर्नियातील गर्नव्हिल आणि अखेरीस जवळच्याच फॉरेस्टव्हिल येथे हलले. लेखक-चित्रकारांकडेच स्वामित्वहक्क ठेवून त्यांना रॉयल्टी देणाऱ्या पहिल्या काही अमेरिकन चित्रकथा-प्रकाशकांत तिची गणना होते.

तोवरची रूढ पद्धत वेगळी होती. मार्व्हल, डीसी यांसारख्या मोठ्या प्रकाशनगृहांत पानामागे ठरलेले मानधन मिळे आणि पात्र, कथा व चित्रे प्रकाशकाची होत. अमेरिकेचा नवा स्वामित्वहक्क कायदा १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. त्यात ‘वर्क फॉर हायर’ (ज्याचे हक्क करणाऱ्याकडे न राहता करवून घेणाऱ्याकडे जातात असे काम) म्हणजे काय हे लेखी करारावर अवलंबून ठेवल्याने प्रकाशकांनी कलावंतांकडून तशा कागदांवर सह्या घेण्यास सुरुवात केली, आणि आजवर सवयीने चाललेली गोष्ट पांढऱ्यावर काळी झाल्यावर अनेकांना खुपू लागली. दुसरी अनुकूल गोष्ट विक्रीची. वृत्तपत्रांच्या ठेल्यांवरील न खपलेले अंक प्रकाशकाच्या माथी परत येत. फिल सूलिंग यांनी १९७३ पासून रुळवलेल्या ‘डायरेक्ट मार्केट’ व्यवस्थेत चित्रकथांची खास दुकाने जास्त सवलतीत माल घेत, पण तो परत करता येत नसे. मागणी आधी कळते, तेवढेच छापायचे. त्यामुळे थोडक्या भांडवलावर प्रकाशक होणे शक्य झाले.

पहिले पुस्तक : ‘सेबर’ (ऑगस्ट १९७८, लेखक डॉन मॅकग्रेगर, चित्रकार पॉल गुलेसी) हे कृष्णधवल पुस्तक. दोघेही मार्व्हलमध्ये नावाजलेले होते. साधे कॉमिक ३५ सेंटला मिळत असताना याची किंमत सहा डॉलरच्या घरात होती, तरी पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती काढावी लागली. या पुस्तकाला ‘पहिली ग्राफिक नॉव्हेल’ (पुस्तकरूपातील दीर्घ, सलग चित्रकथा) म्हणावे की नाही, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. विल आयझ्नर यांचे ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले व लोकमानसात पहिलेपणाचा मान त्यालाच मिळाला. मात्र ते चार स्वतंत्र कथांचे पुस्तक आहे. शिवाय ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द रिचर्ड काइल यांनी १९६४ मध्येच वापरला होता, आणि रिचर्ड कॉर्बेन यांच्या ‘ब्लडस्टार’वर (१९७६) तो छापलेलाही आहे. जिम स्टेरँको यांचे ‘रेड टाइड’ (१९७६) चित्रांसोबत सलग मजकूर देते, संवादाचे फुगे देत नाही, म्हणून काहीजण ते गणतीत धरत नाहीत. आणखी मागे गेल्यास गिल केन यांचे ‘ब्लॅकमार्क’ (१९७१) व ‘इट ऱ्हाइम्स विथ लस्ट’ (१९५०) यांचेही दावे पुढे येतात. व्याख्या जशी करावी तसे उत्तर बदलते. वितरणाचा इतिहास अभ्यासणारे ‘सेबर’चे महत्त्व निराळ्या जागी मानतात, ते अधिक पटणारे आहे : खास दुकानांसाठी म्हणून काढलेल्या आणि हक्क कलावंतांकडे ठेवणाऱ्या अशा पुस्तकांत ते अगदी आरंभीचे होय. नंतर त्यातून १४ अंकांची रंगीत मालिका निघाली (१९८२–८५).

लगोलग ‘नाइट म्यूझिक’ (१९७९, पी. क्रेग रसेल), ‘डिटेक्टिव्ज इंक.’ आणि ‘स्टुअर्ट द रॅट’ (दोन्ही १९८०) ही पुस्तके आली. शेवटच्याचे लेखक स्टीव्ह गर्बर. ‘हॉवर्ड द डक’ या पात्राच्या मालकीवरून ते मार्व्हलविरुद्ध कोर्टात गेले, तेव्हा खटल्याच्या खर्चासाठी एक्लिप्सने ‘डिस्ट्रॉयर डक’ (१९८२) काढले. त्याची चित्रे जॅक कर्बी यांची. मार्व्हलची निम्मी दुनिया उभी करूनही स्वतःच्या मूळ चित्रांच्या पानांसाठी त्या काळात झगडावे लागलेल्या कर्बींनी या कामाला हात लावावा, यातच एक्लिप्सची बाजू स्पष्ट होते.

कॅथरीन (कॅट) यॉनवोड या स्तंभलेखिका १९८० च्या दशकारंभी संपादक झाल्या; १९८७ मध्ये त्यांचा डीन मलेनी यांच्याशी विवाह झाला. प्रकाशनांची यादी त्यांच्या काळात फुगली. ‘झॉट!’ (स्कॉट मॅकक्लाउड, १९८४–९०), ‘स्काउट’ (टिम ट्रूमन) आणि ‘एअरबॉय’चे पुनरुज्जीवन (१९८६ पासून) ही त्यातली ठळक नावे. मॅकक्लाउड यांनीच १९८८ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे जमलेल्या स्वतंत्र चित्रकथाकारांसाठी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा केला. मे १९८७ मध्ये व्हिझ कम्युनिकेशन्सच्या सहकार्याने ‘कामुई’, ‘एरिया ८८’ व ‘माई’ या तीन जपानी मालिका इंग्रजीत पाक्षिक स्वरूपात सुरू झाल्या. अमेरिकेत मांगाचे (जपानी चित्रकथांचे) नियमित प्रकाशन रुळवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. डावीकडून वाचता यावे म्हणून पाने आरशातल्यासारखी उलटवून छापत. परिणामी पात्रे डावखुरी होत.

राजकीय विषय घेण्याची या संस्थेला हौस होती. ‘रिअल वॉर स्टोरीज’ (१९८७) सैन्यसेवेला सदसद्विवेकाने नकार देणाऱ्यांच्या संघटनेसोबत निघाले, तर ‘ब्रॉट टू लाइट’ (१९८८) अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या कारवायांवर होते. इराण-काँट्रा प्रकरणावर (इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून निकाराग्वातील बंडखोरांना पैसा पुरवल्याचे अमेरिकी प्रकरण) तिने संग्राह्य पत्त्यांचे (ट्रेडिंग कार्डांचे) संच काढले. १९९२ मधील ‘ट्रू क्राइम’ या खुन्यांवरील संचाने मात्र खळबळ उडाली. न्यूयॉर्क राज्यातील नॅसो काउंटीने असे पत्ते अल्पवयीनांना विकण्यावर बंदी घातली. संघराज्य अपील न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली १९९७ मध्ये, म्हणजे वादी असलेली एक्लिप्स बंद पडून काही वर्षे लोटल्यावर.

पडझड : फेब्रुवारी १९८६ मध्ये रशियन नदीला आलेल्या पुरात गर्नव्हिल येथील जुन्या अंकांचा साठा बहुतांशी वाहून वा भिजून गेला. मागील अंकांची विक्री हा लहान प्रकाशकाचा हातचा पैसा, तो बुडाला. ‘मिरॅकलमन’ या मालिकेच्या (हिच्याविषयी पुढे पाहा) ८ व्या अंकात नवी कथा देता आली नाही आणि जुन्या ब्रिटिश गोष्टींचे पुनर्मुद्रण करावे लागले. त्यानंतर वर्षभरात कृष्णधवल कॉमिक्सची तेजी ओसरली. दुकानदारांनी चढ्या भावाच्या आशेने भरलेला माल पडून राहिला. परत करता येत नसल्याने नवी मागणीच आटली. जी व्यवस्था लहान प्रकाशकांना पोषक ठरली होती, तीच येथे उलटली. १९९० च्या दशकारंभी हार्परकॉलिन्सच्या साह्याने पुस्तकांच्या दुकानांत शिरण्याचा प्रयत्न झाला. तेथे परतीचा माल स्वीकारावा लागे, आणि एक्लिप्सला तो झेपला नाही. मलेनी-यॉनवोड यांचा घटस्फोटही याच सुमाराचा. यांपैकी नेमके कोणते कारण निर्णायक, यावर मतभेद आहेत. पुराला सर्व दोष देणारे कथन मात्र कालक्रमाशी जुळत नाही, कारण पुरानंतर सातेक वर्षे अंक निघत होते. सु. १९९४ मध्ये काम थांबले व १९९५ च्या सुमारास दिवाळखोरी जाहीर झाली. १९९६ मध्ये ‘स्पॉन’ या चित्रकथा-मालिकेचे कर्ते टॉड मॅकफार्लेन यांनी संस्थेची मालमत्ता विकत घेतली, रक्कम २५,००० डॉलर असल्याचे सांगितले जाते.

मिरॅकलमनचे हक्क : मार्व्हलमन हे पात्र मिक अँग्लो यांनी १९५४ मध्ये लंडनच्या एल. मिलर अँड सन या प्रकाशकासाठी केले. ती मालिका १९६३ मध्ये थांबली. १९८२ मध्ये डेझ स्किन यांच्या ‘वॉरियर’ मासिकात ॲलन मूर यांनी ते नव्याने लिहिले. चित्रे प्रथम गॅरी लीच, मग ॲलन डेव्हिस यांची. मार्व्हलच्या हरकतीमुळे अमेरिकेत नाव बदलून १९८५ पासून एक्लिप्सने ‘मिरॅकलमन’ काढले. ९ व्या अंकात (१९८६) बाळंतपण जसेच्या तसे चित्रित केले होते आणि मुखपृष्ठावर पालकांसाठी सूचना छापली होती. चित्रकथांवर वयोगटाचे शिक्के असावेत का, या तेव्हाच्या वादात हा अंक पुढे वारंवार दाखवला गेला. १६ व्या अंकानंतर मूर यांनी आपला हिस्सा नील गेमन यांना दिला. मार्क बकिंगहॅम यांच्या चित्रांसह गेमन यांनी २४ व्या अंकापर्यंत (१९९३) कथा नेली. पुढचा अंक तेव्हा निघालाच नाही.

कथेत मूर, चित्रकार आणि स्किन यांची क्वालिटी कम्युनिकेशन्स यांचे हिस्से असून क्वालिटीचा हिस्सा एक्लिप्सने घेतला, अशी समजूत होती. त्यामुळे मॅकफार्लेन यांना खरेदीत मिरॅकलमनही मिळाला असे वाटले, आणि गेमन यांच्याशी तंटा झाला. विस्कॉन्सिन येथील ज्युरीने २००२ मध्ये व अपील न्यायालयाने २००४ मध्ये गेमन यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु तो ‘स्पॉन’मधील पात्रांच्या सहस्वामित्वापुरता होता, मिरॅकलमनच्या मूळ हक्काची गाठ त्यात सुटली नाही. अँग्लो यांनी आपला हक्क मुळी सोडलेलाच नव्हता, हे मत पुढे बळावले. स्किन यांनी ते मान्य केलेले नाही, तथापि बाजाराने अँग्लो यांची बाजू धरली : २००९ मध्ये मार्व्हलने त्यांच्याकडूनच हक्क विकत घेतले आणि २०१४ पासून पुनर्मुद्रण सुरू केले. मूर यांच्या इच्छेवरून त्यात त्यांचे नाव नाही, ‘मूळ लेखक’ एवढाच उल्लेख आहे.

ज्या करारांत दुसऱ्याचे जुने पात्र गुंतलेले नव्हते, तेथे असा घोळ झाला नाही. ‘झॉट!’ मॅकक्लाउड यांच्याकडेच राहिले व त्याचा कृष्णधवल संग्रह हार्परकॉलिन्सनेच २००८ मध्ये काढला. डीन मलेनी २००७ पासून ‘लायब्ररी ऑफ अमेरिकन कॉमिक्स’ या ग्रंथमालेद्वारे जुन्या वृत्तपत्रीय चित्रपट्ट्यांच्या संग्रहांचे संपादन करू लागले.