लाल औषध आणि डीएनएची खाच

बांबोळीच्या वॉर्डात मावशीची केमो चालू असताना सलाइनच्या नळीतून उतरणाऱ्या लालभडक औषधाकडे मी बघत बसायचे. लघवी लाल होईल, घाबरू नका, असं सिस्टरने आधीच बजावलं होतं. औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन.

त्याचं मूळ इटलीतल्या मातीत आहे. 1950च्या दशकात कास्तेल देल मोन्ते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून फार्मितालिया कंपनीला एक लाल द्रव्य मिळालं. पुढे त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणाने डॉक्सोरुबिसिन दिलं.

ते पेशीत काय करतं, याचा धागा रंगद्रव्यांच्या अभ्यासातून मिळाला. अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्यासारखे चपटे रेणू डीएनएच्या पिळदार शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये शिरतात, पत्त्यांच्या कॅटात जादा पान सरकवावं तसे, हे लिओनार्ड लर्मन यांनी 1961 साली मांडलं. डॉक्सोरुबिसिनही असंच शिरतं. पण डीएनएच्या पायऱ्या ज्या ए, टी, जी, सी या चार घटकांच्या, म्हणजे अक्षरांच्या, बनतात, त्यांतली कुठली अक्षरं, याची निवड त्याला फारशी नाही.

निवड करणारे रेणू दुसरीकडे होते. सुंभाची दोन पदरी दोरी हातात घ्या. पदरांच्या मधून खाच फिरत जाते, तीत नख बसतं. डीएनएला अशा दोन खाचा, एक रुंद, एक अरुंद. 1951 साली जिवाणूतूनच मिळालेलं नेट्रोप्सिन त्या अरुंद खाचेत बसतं. 1985 साली रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने क्ष-किरणांनी ते दाखवलं: चंद्रकोरीसारखा वाकलेला रेणू, ए-ए-टी-टी या अक्षरांवर, तिथलं पाणी बाजूला सारून बसलेला. 'जी' अक्षराचा अमिनो गट, म्हणजे नायट्रोजन-हायड्रोजनचा छोटा फाटा, या खाचेत पुढे आलेला असतो, म्हणून तिथे त्याला जागाच मिळत नाही. पदर न उलगडता नुसत्या स्पर्शाने अक्षर ओळखता येतं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वाटतं.

1990च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत पीटर डर्वन यांनी 'जी'ची तीच अडचण खूण म्हणून वापरली. केसाच्या पिनेसारखा दुमडलेला रेणू, दोन बाहू शेजारी शेजारी. 'जी' येईल तिथे पायरोल या अणूंच्या कड्याच्या जागी इमिडॅझोल हे दुसरं कडं, म्हणजे तो अमिनो गटच हायड्रोजन बंधाने धरला जातो. आता हवा तो क्रम ठरवून रेणू बांधता येऊ लागला.

उरतो लांबीचा प्रश्न. माणसाच्या सुमारे 300 कोटी अक्षरांत नेमकी एकच जागा गाठायची तर हिशेबाने सलग 16 अक्षरं वाचावी लागतात. आठ कड्यांची ही पिन वाचते सहा.