कोल्हापूर–मुंबई : तीन अंतरं आणि एक तास

कोल्हापूरहून मुंबई किती लांब? रेल्वेने ५१८ किलोमीटर, महामार्गाने पावणेचारशेच्या आसपास आणि उजळाईवाडीच्या विमानतळावरून सरळ रेघ मारली तर साधारण ३१० किलोमीटर. म्हणजे रेल्वेगाडी विमानाच्या दीडपटीहून जास्त फिरते. हा फेरा १८९१ सालचा आहे. संस्थानाने रेल्वे आणली ती मिरजेहून, त्यामुळे मुंबईला निघालेला माणूस आधी पूर्वेला जातो, मग पुण्याकडे वळतो आणि शेवटी घाट उतरतो. वैभववाडीमार्गे कोकणात उतरण्याचा मार्ग वर्षानुवर्षं चर्चेतच आहे.

विमानतळही संस्थानकाळातला, पण नियमित प्रवासी सेवेचा खरा इतिहास अलीकडचा. २०११ मध्ये मुंबईचं विमान थांबलं आणि पुढची सहा-साडेसहा वर्षं शहराला विमानसेवाच नव्हती. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतून ती पुन्हा सुरू झाली. या योजनेत तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांसाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा होती. तिकीट आवाक्यात आलं, तरी खरी अडचण वेळेची राहिली.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या उतरण्याच्या वेळा मोठ्या शहरांच्या विमानांनी आधीच धरलेल्या. छोट्या शहरांना उरलेल्यातून घ्यायचं, हा निर्णय कागदावर तांत्रिक दिसतो, पण कोल्हापूरकराच्या दृष्टीने अन्यायाचाच आहे. मंत्रालयात काम असलेल्या माणसाला सकाळी पोहोचून संध्याकाळी परतायचं असतं. भलत्याच वेळी उतरवणारं विमान त्याच्या काय कामाचं? त्यापेक्षा रात्री निघून सकाळी पोहोचवणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस अकरा तास घेऊनही त्याचा दिवस वाचवते. ‘प्रवासी मिळत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी आधी वेळापत्रक बघावं.

विमानाच्या वेळापत्रकातला एक तासही सगळा हवेतला नसतो. ताशी पाचशेच्या वेगाने जाणारं एटीआर जातीचं छोटं विमान हे अंतर चाळीसेक मिनिटांत कापतं. बाकीची मिनिटं जमिनीवरच्या चालीत आणि मुंबईवर उतरायच्या रांगेत जातात. रांग लांबली की विमान आकाशात घिरट्या घालतं.

दुसरी बाजू धावपट्टीची. १,३७० मीटरची पट्टी वाढवून १,९३० मीटर केली, ती २,३०० पर्यंत नेण्याचं ठरलं. त्यासाठी लागलेल्या जमिनीवरून आसपासच्या गावांत बराच वाद झाला, आणि ज्यांची शेतं गेली त्यांचा राग समजण्यासारखा होता. २०२२ मध्ये रात्री उतरण्याची परवानगी आली, मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत उभी राहिली. त्यामुळे पहाटे जाऊन रात्री परतणं कोल्हापूरच्या बाजूने आता शक्य आहे. अडतं ते मुंबईच्या बाजूला.