तारामासा, शिंपले आणि खडकावरची जागा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ साली तारामाशांमध्ये एक विचित्र रोग पसरला. अंगावर पांढरट व्रण उठायचे, हात गळून पडायचे आणि थोड्याच दिवसांत प्राण्याचा लगदा व्हायचा. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत वीसहून अधिक जातींना त्याची लागण झाली. २०१४ मध्ये एका विषाणूवर संशय घेतला गेला, पण पुढील तपासण्यांत तो टिकला नाही. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने सर्वाधिक नुकसान सोसलेल्या ‘सनफ्लॉवर स्टार’ या जातीपुरते तरी कारण निश्चित केले: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जीवाणू. दरम्यान जपानमधील फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुभट्टीतील किरणोत्सर्गानेच तारामासे विरघळत असल्याचे संदेश समाजमाध्यमांवर मुबलक फिरून झाले होते. त्याला कसलाही पुरावा नव्हता. शिवाय याच प्रकारची रोगलक्षणे याच किनाऱ्यावर १९७० च्या दशकात, म्हणजे २०११ च्या त्या अपघाताच्या कितीतरी आधी नोंदली गेली होती. परंतु अफवेला तारखांशी फारसे कर्तव्य नसते.

रोगाला बळी पडलेल्यांत पिसॅस्टर ऑक्रेशियस हा जांभळट किंवा नारिंगी रंगाचा, ओहोटीला खडकांवर सहज दिसणारा तारामासाही होता. परिसंस्थांचा अभ्यास करणाऱ्यांना त्याची विशेष चिंता वाटली, कारण त्यांच्या शास्त्रातील एक मूलभूत कल्पना याच प्राण्यावरून सुचलेली आहे. ती समजून घेण्यासाठी खडकाळ किनाऱ्यावर टंचाई नेमकी कशाची असते, हे आधी पाहिले पाहिजे.

टंचाई अन्नाची नसते. प्रत्येक भरतीचे पाणी सूक्ष्म प्लवकांचे खाद्य घेऊन येते, आणि बार्नेकल किंवा शिंपले यांसारखे प्राणी एका जागी बसून ते गाळून खातात. त्यांची पिल्ले पाण्यात तरंगत वाढतात आणि योग्य वेळ येताच खडकाला चिकटतात. खेकडे-कोलंबीच्या नात्यातील बार्नेकल तर डोक्याकडची बाजू खडकाला कायमची डकवून घेतो आणि उरलेले आयुष्य पायांनी अन्न ओढून घेत तिथेच काढतो. अशा प्राण्याच्या दृष्टीने मोकळा खडक हीच खरी संपत्ती, आणि ती मर्यादित असते.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर गेलेल्या कोणालाही प्राण्यांचे आडवे पट्टे दिसतात: वरच्या कोरड्या भागात बारीक गोगलगायी, त्याखाली बार्नेकल, त्याखाली कालवे. ज्याला जितके पाणी सोसते तितक्या उंचीवर तो राहतो, असे स्पष्टीकरण सहज सुचते आणि ते निम्मेच बरोबर आहे. जोसेफ कॉनेल या परिसंस्था-अभ्यासकाने १९५० च्या दशकात स्कॉटलंडमधील कम्ब्रे बेटावर हे तपासले. तिथे कथामेलस हा लहान बार्नेकल वर आणि बॅलॅनस हा मोठा बार्नेकल खाली राहतो. कथामेलसची पिल्ले खालच्या भागातही उतरतात, पण तिथे वाढलेली मात्र क्वचितच आढळतात. कॉनेल यांनी काही जागांवरील बॅलॅनस काढून टाकले, तेव्हा कथामेलस खालीही चांगला जगला. जिथे बॅलॅनस राहू दिला होता, तिथे तो वेगाने वाढून शेजारच्या कथामेलसवर चढला, त्याला दाबले किंवा मुळापासून उचकटून काढले. याउलट बॅलॅनसला वर सरकता येत नाही, कारण तिथल्या उन्हात तो कोरडा पडून मरतो. थोडक्यात, या दोघांपुरती वरची सीमा ऊन ठरवते आणि खालची सीमा शेजारी ठरवतो. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम मला आजही निसर्गातल्या प्रयोगाचा आदर्श नमुना वाटते. त्यात उपकरणे जवळजवळ नाहीत आणि युक्तिवादाला कुठे फट नाही.

मग प्रश्न उरतो की जागेच्या या चढाओढीत सर्वांत बलवान प्राणी संपूर्ण खडक का बळकावत नाही? वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट पेन यांनी १९६३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकावरील मुक्कॉ उपसागरात याचा शोध सुरू केला. तिथला बलवान म्हणजे कॅलिफोर्निया मसल, गोव्याच्या बाजारात मिळणाऱ्या शिनाण्यांच्याच कुळातला शिंपला. तो चिवट तंतूंनी खडकाला धरून राहतो आणि इतर प्राण्यांच्या अंगावरही वाढतो. पिसॅस्टरचे ते आवडते खाद्य आहे: हा तारामासा हातांखालच्या नळीसारख्या बारीक पायांनी (नलिकापादांनी) शिंपले ओढून किंचित फट पाडतो, आपले जठर शरीराबाहेर काढून त्या फटीतून आत सरकवतो आणि शिंपल्याला त्याच्याच घरात पचवतो. पेन यांनी सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंचीच्या खडकपट्टीवरून तारामासे नियमितपणे उपटून समुद्रात फेकले आणि शेजारची पट्टी जशीच्या तशी ठेवली. आधी बार्नेकल फोफावले, मग शिंपल्यांनी त्यांनाही झाकून टाकले; शैवाल आणि खडकाला चिकटून राहणारे कायटन व लिम्पेट हे कवचधारी प्राणी मागे हटले. १९६६ च्या निबंधात त्यांनी नोंदवले की मुळात १५ जातींची ही वस्ती ८ जातींवर आली होती. शिकारी काढल्यावर भक्ष्य सुखाने नांदले नाही, उलट अनेकांची हकालपट्टी झाली.

पिसॅस्टर सगळे शिंपले खाऊन का संपवत नाही, याचेही उत्तर खडकाच्या उंचीत आहे. कोरडे पडण्याच्या भीतीने तो भरतीबरोबर वर चढतो आणि ओहोटीबरोबर बहुधा खाली उतरतो, त्यामुळे वरच्या भागातील शिंपल्यांपर्यंत त्याला पुरेसा वेळ पोहोचता येत नाही. शिंपला पुरेसा मोठा झाला, तर तोही त्याला उघडता येत नाही. म्हणून शिंपल्यांच्या थराची खालची कड अनेक ठिकाणी रेघ ओढल्यासारखी दिसते. १९६९ मध्ये पेन यांनी पिसॅस्टरसारख्या जातीला ‘कीस्टोन’, म्हणजे कमान पेलून धरणारा मधला दगड, म्हटले. आता हे बिरूद वाघापासून वडापर्यंत कोणालाही दिले जाते, हे मला योग्य वाटत नाही. संख्येच्या किंवा वजनाच्या मानाने जिचा प्रभाव अवाजवी मोठा असतो, तिच्यासाठीच ते राखून ठेवले पाहिजे.

शिवाय खाणारा असला की विविधता वाढतेच, असेही नाही. जेन लुबचेंको या संशोधिकेने अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील शैवाल खाणाऱ्या पेरीविंकल गोगलगायीवर केलेले, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले काम येथे निर्णायक आहे. खडकातील पाण्याच्या डबक्यांत गोगलगायीला आवडणारे कोवळे हिरवे शैवालच स्पर्धेत वरचढ असते. त्यामुळे गोगलगायी मध्यम संख्येने असल्या की इतर शैवालांना वाव मिळतो. उघड्या खडकावर मात्र वरचढ शैवाल तिला नावडते असते. तिथे ती दुबळ्यांनाच खाते आणि जाती कमी करते. प्राणी तोच आणि भूकही तीच असूनही परिणाम उलटा होतो, कारण तो शिकाऱ्याची आवड आणि स्पर्धेतील क्रम यांच्या मेळावर अवलंबून असतो.

पेन यांच्या आकड्यांनाही एक मर्यादा आहे. त्यांनी मुख्यतः खडकाची जागा अडवणारे आणि डोळ्यांना सहज दिसणारे जीव मोजले. शिंपल्यांच्या दाट थरातील फटींमध्ये कृमी, बारीक खेकडे आणि गोगलगायी अशा शेकडो जाती राहतात. त्या जमेस धरल्या, तर तारामासा गेल्यावर विविधता घटली की वाढली, हे काय मोजायचे ठरवले यावर अवलंबून राहते. २०१३ नंतर कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे द्वीपकल्पावर पिसॅस्टर जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा तिथे शिंपले खाली पसरले. त्याचा लाभ उठवला समुद्री ऊदमांजरांनी: त्यांच्या आहारात शिंपल्यांचा वाटा वाढला आणि त्यांची संख्याही वाढली.