अंगणातलं ग्रिल पार्किंगमध्ये नेलं की

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे हे गाव आहे. तिथल्या लॅम्बो फील्ड या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना असला, की काही तास आधीच पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडतात, घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि ब्राटवुर्स्ट सॉसेज भाजल्याचा वास सुटतो. याला टेलगेटिंग म्हणतात. हा फुटबॉल ऐन हिवाळ्यात रंगात येतो. 31 डिसेंबर 1967 रोजी इथे उणे 25 अंश सेल्सिअसमध्ये झालेला सामना आजही ‘आइस बोल’ म्हणूनच ओळखला जातो. खरे हौशी लोक छोट्या ग्रिलवर भागवत नाहीत. घरामागचं तीन-चार बर्नरचं गॅस ग्रिल सरळ पिकअपमध्ये चढवतात.

हे ग्रिल मात्र प्रवासासाठी बनवलेलं नसतं. ते सपाट फरशीवर एका जागी, मोठ्या सिलिंडरला जोडलेलं उभं राहील, असं धरूनच त्याचं डिझाइन केलेलं असतं. जागा बदलली की कुरबुरी सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच कुरबुरींचं मूळ ज्योतीत नसतं, ज्योतीपर्यंत पोचण्याआधीच्या प्रवासात असतं.

सुरुवात सिलिंडरपासून करू. आपण त्याला गॅसची टाकी म्हणतो खरं, पण आत असतो तो द्रव. अमेरिकेतल्या ग्रिलच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन असतो आणि तो उणे 42 अंशांना उकळतो. म्हणजे ग्रीन बेच्या कडाक्याच्या थंडीतही तो टाकीत उकळायला तयारच असतो. 20 अंशांना टाकीतला दाब वातावरणाच्या सुमारे आठ पट असतो, शून्याला साडेचार-पावणेपाच पट आणि उणे 25 ला जेमतेम दुप्पट. रेग्युलेटरच्या पलीकडे बर्नरला लागणारा जादा दाब फक्त 28 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. मग दुप्पट दाब काय वाईट? कागदावर काहीच नाही. घोळ होतो तो वेगाचा.

द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती टाकीला बाहेरच्या हवेतूनच मिळवावी लागते. मोठं ग्रिल सगळे बर्नर पूर्ण उघडून चालवलं तर साधारण 12 किलोवॅट उष्णता देतं आणि तासाला 800 ते 900 ग्रॅम प्रोपेन खातं. तेवढ्या प्रोपेनची वाफ करायला टाकीच्या पत्र्यातून सतत 90 वॅटच्या आसपास उष्णता आत यावी लागते. ती कमी पडली की द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करतो, गार पडतो, दाब उतरतो आणि ज्योत बारीक होते. उष्णता शिरते ती मुख्यतः पत्र्याच्या द्रवाने भिजलेल्या भागातून. म्हणून टाकी रिकामी होत आली की गॅस शिल्लक असूनही ग्रिल रेंगाळतं.

लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्याच्या भट्टीला जोडलेला सिलिंडर पाहिला असेल, तर हे नवं वाटणार नाही. बाहेरून पांढरं हिम धरलेलं असतं आणि बहुतेक वेळा त्या हिमाची वरची रेघ म्हणजेच आतल्या द्रवाची पातळी. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो. तो शून्याच्या किंचित खाली उकळतो. प्रोपेन आधी उडून जातो, मागे ब्युटेनचं प्रमाण वाढतं आणि टाकी अखेरीस जास्तच कुरकुरते. काही आचारी सिलिंडर पाण्याच्या टबात ठेवतात. हवेपेक्षा पाणी पत्र्याला कितीतरी चटकन उष्णता देतं, तेव्हा त्यांचं भौतिकशास्त्र पक्कं आहे, पण सुरक्षेचे नियम तसं करायला सांगत नाहीत. दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डने, म्हणजे एका समाईक नळीने, एकत्र जोडणं हा सरळ मार्ग. प्रत्येकावरचा भार कमी होतो. टाकीला आच दाखवणं मात्र कुठल्याच परिस्थितीत नको.

आता कळेल, की उचलायला सोपा म्हणून मोठ्या ग्रिलला कॅम्पिंगचा अर्ध्या किलोचा छोटा सिलिंडर जोडणं का फसतं. त्यातला गॅस पूर्ण आचेवर अर्धा तास पुरेल, हा झाला हिशेब. पण एवढ्याशा पत्र्यातून तेवढी उष्णता आत शिरतच नाही. अर्धा तास व्हायच्या आत तो बर्फासारखा गार पडतो आणि सॉसेज कच्चं राहतं. माझं स्पष्ट मत आहे: ग्रिल मोठं न्यायचं तर टाकीही मोठीच न्या, नाहीतर दोन बर्नरचं छोटं ग्रिल घ्या.

मोठी टाकी असूनही ज्योत फिकी राहिली, तर बहुतेक जण रेग्युलेटर बिघडला असं समजून नवा आणतात. बऱ्याचदा तो ठणठणीत असतो. अमेरिकन जोडणीत एक सुरक्षा यंत्रणा असते. टाकीची कळ झटकन उघडली किंवा बर्नरची बटणं आधीच चालू असली, तर पलीकडे अचानक जाणारा गॅस तिला नळी फुटल्यासारखा वाटतो आणि ती गॅस चिमटीने सोडावा तसा सोडते. ग्रिल कोमट होतं आणि तिथंच थांबतं. उपाय फुकट आहे. सगळी बटणं बंद, टाकी बंद, नळी सोडवून मिनिटभर थांबा, परत जोडा आणि टाकीची कळ सावकाश उघडा. दरवेळी जोडणी नवी होते, म्हणून दरवेळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे. हे घरच्या शेगडीलाही लागू आहे.

प्रवासातली जी गोष्ट मला सगळ्यात धोकादायक वाटते, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बऱ्याच ग्रिलमध्ये बर्नरची नळी गॅसच्या बारीक छिद्राला घट्ट जोडलेली नसते, नुसती त्यावर सैल बसवलेली असते. ती फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तिथूनच हवा आत ओढली जाते. प्रोपेनच्या एका भागाला नीट जळायला सुमारे 24 भाग हवा लागते. खड्ड्यांतून पिकअप आदळली की नळी छिद्रावरून सरकू शकते, आणि मग गॅस बर्नरमध्ये न जाता बटणांच्या पट्टीमागे पेटतो. पेटवण्याआधी वाकून तेवढं बघावं. ज्योत निळी हवी. पिवळी, लोळणारी ज्योत म्हणजे हवा कमी, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड.

हवा कमी पडण्याचं आणखी एक कारण आठ पायांचं असतं. ग्रिल काही महिने पडून राहिलं की कोळी या नळ्यांत जाळी विणतात आणि गॅस उलटा फिरतो. इंधनाच्या वासाचं काही कोळ्यांना आकर्षण असावं, असं मानतात. 2011 मध्ये माझ्दा कंपनीने अमेरिकेत आपल्या हजारो मोटारी परत बोलावल्या, त्या इंधनटाकीच्या हवानळीत पिवळ्या कोळ्यांनी केलेल्या जाळ्यांमुळे! ग्रिलच्या नळीत लांब लवचीक ब्रश फिरवला की काम होतं.

आता चरबीकडे वळू. ग्रिलचा तळ किंचित उतरता असतो, वितळलेली चरबी मधल्या भोकातून खालच्या ट्रेमध्ये जावी म्हणून. पार्किंगची जमीन कलती असली की ती एका कोपऱ्यात साचते. चरबी सुमारे साडेतीनशे अंशांच्या पुढे ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते आणि बर्नरजवळचं लोखंड तेवढं सहज तापतं. त्यामुळे ग्रिल समतल करणं आणि निघण्याआधी ट्रे रिकामा करणं या दोन गोष्टी आगीपासून वाचवतात. तरीही भडका उडालाच तर पाणी नको. एका लिटर पाण्याची सोळा-सतराशे लिटर वाफ होते आणि ती जळती चरबी चौफेर उडवते. बर्नर बंद, झाकण बंद, हात पोचत असेल तर टाकी बंद.

जाळीवरचा तो चिवट थर नेमका काय असतो? तापलेल्या चरबीतले रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि प्लास्टिकसारखी लांब साखळी बनते. ती साध्या पाण्याने सुटत नाही. स्वतःला स्वच्छ करणारे ओव्हन 480 अंशांच्या घरात जाऊन तिची राख करतात. ग्रिल झाकण लावून तीनशेच्या आसपास थांबतं, त्यामुळे थर अर्धवट कोळसा होऊन ठिसूळ बनतो. तेवढंही पुरे, कारण तो मग खरवडता येतो. जाळीवर अॅल्युमिनियम फॉइल अंथरून आच कोंडून घेण्याची युक्ती काही जण सांगतात. ती टाळलेली बरी, कोंडलेली आच बटणं आणि नळ्यांकडे वळते. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटले तर रंग उडाला म्हणून घाबरू नका. बहुतेक झाकणांना आतून रंग नसतोच, ती धुराची आणि चरबीची काजळी असते.

ओव्हन क्लीनरमध्ये बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा साबण करतो खरा, पण अॅल्युमिनियमलाही खातो, आणि कित्येक ग्रिलचा खोका ओतीव अॅल्युमिनियमचाच असतो. तिथे गरम पाणी आणि भांड्यांचा साबण बास. ओतीव लोखंडाची जाळी भिजत ठेवू नये. घासून, वाळवून तेलाचा पुसटसा हात दिला की झालं. तिच्यावर तापलेल्या तेलाचा तोच लांब साखळ्यांचा थर आपल्याला हवा असतो, फक्त पातळ.

राहिला तारेचा ब्रश. 2012 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या एका रुग्णालयातले सहा रुग्ण नोंदवले. ब्रशची तुटकी तार जाळीवरून अन्नात, अन्नातून घशात किंवा आतड्यात गेली होती. 2016 मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 ते 2014 या काळात अशा इजांची संख्या देशभरात 1,600 च्या वर असल्याचा अंदाज मांडला. लाकडी खरवडणी घ्या, किंवा अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर घासा. त्याच्या पाण्याची वाफ मऊ झालेला थर सोडवते.

परतीच्या वाटेवर टाकी उभीच ठेवा. टाकी 80 टक्क्यांच्या वर भरत नाहीत, उरलेल्या जागेत वाफ असते आणि सुरक्षाझडपेने गरज पडल्यास ती वाफच बाहेर सोडायची असते. टाकी आडवी केली तर झडपेपाशी द्रव येतो, आणि बाहेर पडणाऱ्या द्रवाचा त्याच्या सुमारे 270 पट गॅस होतो. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड असल्याने गाडीत तळाशी साचतो, म्हणून काचा थोड्या उघड्याच राहू द्या.