घरात गिनीपिगची पिल्लं येणार असतील तर
(आमच्याकडून गवत आणि खाद्य नेणाऱ्या नागपूरच्या ग्राहकांसाठी)

आमच्या दुकानात गिनीपिग विकायला नसतात. वाळलेलं गवत, खाद्य, पिंजरे, पाण्याच्या बाटल्या एवढंच आम्ही ठेवतो. तरीही अधूनमधून कुणीतरी घाबरून येतं आणि सांगतं, "दोन्ही माद्या म्हणून आणल्या होत्या, आज सकाळी पिंजऱ्यात पाच दिसताहेत." हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या पिंजऱ्यात अजून दोनच आहेत, त्यांनी तर ते आजच वाचावं.

नर आधी वेगळा करा

गिनीपिगची मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर ती त्याच दिवशी परत गाभण राहू शकते. मग पिल्लं अंगावर पीत असतानाच पोटात पुढचं वेत वाढू लागतं. आमच्या स्वतःच्या घरी हे झालं आहे. पहिल्या वेताची तीन पिल्लं पाहण्यात आम्ही इतके रमलो की नराला हलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दोन महिन्यांनी ती पुन्हा व्याली, चार पिल्लं झाली, आणि आठवड्याच्या आत मादी गेली. त्यानंतर आम्ही शिकलो ते इथे लिहितो आहोत.

मादी गाभण आहे असा संशय आला की नराला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा. मध्ये जाळी असेल आणि एकमेकांना दिसत असतील तर दोघंही शांत राहतात. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. शेवटी शेवटी तिचं पोट दोन्ही बाजूंना पिशवीसारखं लटकतं आणि हात ठेवला तर आतली हालचाल कळते. पोट दाबून पिल्लं मोजू नका. शेवटचे दोन आठवडे तर तिला उचलूच नका, पिंजऱ्याची जागाही बदलू नका.

हौसेनं जोडी लावायचा विचार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: लावू नका. मादीचं पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या वयाच्या आत झालं नाही, तर तिच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडांचा सांधा घट्ट होतो. बाळंतपणात तो पुरेसा उघडत नाही, पिल्लू अडकतं आणि ऑपरेशनशिवाय सुटका होत नाही. विकत आणलेल्या मादीचं नेमकं वय बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं.

खाणं

१९०७ साली नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या दोघांनी गिनीपिगांना नुसतं धान्य खायला घालून पाहिलं. त्या गिनीपिगांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार) झाला. ताजी कोबी आणि लिंबाचा रस दिल्यावर तो टळला. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज पोटात जावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी ही गोष्ट, पण आजही आपल्याकडे गिनीपिगला बाजरी, गहू आणि भिजवलेले चणे घालणारी घरं आहेत. सांधे दुखून तो हलेनासा होतो आणि घरच्यांना वाटतं, सुस्तावला आहे.

मोठ्या गिनीपिगला वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, आणि गाभण मादीला सुमारे ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. शिमला मिरचीची एक मोठी फोड आणि थोडा सांभार (पुण्या-मुंबईकडच्यांची कोथिंबीर) यात बरंचसं भागतं. पेरूची पातळ चकती चालते. आपलं संत्रंही चालतं, पण आठवड्यातून एखादी फोड, कारण त्यात साखर असते. भाजी नीट धुऊन द्या. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत घालू नका. ते पाण्यात लवकर निकामी होतात, आणि चव बदलल्यामुळे गिनीपिग पाणी प्यायचंच टाळतो. सशाच्या खाद्यात हे जीवनसत्त्व घातलेलं नसतं, म्हणून स्वस्त पडलं तरी ते नेऊ नका. आमच्याकडून खाद्य नेतानाही पाकिटावरची तारीख बघा आणि तीन महिने जुनं झालेलं परत करा.

गवत मात्र चोवीस तास समोर हवं. त्यांचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला सोबत लसूणघास द्या, त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त असतात. लसूणघास म्हणजे लसणाची पात नाही, गुरांना घालतात तो हिरवा चारा. लसूण आणि कांदा गिनीपिगला बाधतात. पिल्लं मोठी झाली की आईचा लसूणघास बंद करा, नाहीतर मूतखड्याची भीती असते.

शेवटच्या दोन आठवड्यांत किंवा व्याल्यानंतरच्या आठवड्यात मादीनं खाणं सोडलं तर उद्यापर्यंत थांबू नका. अंगानं जड माद्यांना या काळात विषबाधेसारखा आजार होतो आणि तो फार झपाट्यानं वाढतो. गिनीपिग तपासणारे डॉक्टर कोण, हे फोन करून आधीच विचारून ठेवा. घरातलं मुलांचं अमॉक्सिसिलिन तर चुकूनही पाजू नका. त्यानं आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाठोपाठ गिनीपिगही.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस)

गिनीपिग मूळचा अँडीजच्या थंड डोंगरांतला. २६-२७ अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. गाभण मादीला ऊन सर्वांत आधी लागतं. पिंजरा तळमजल्यावरच्या, दुपारचं ऊन न येणाऱ्या खोलीत ठेवा. बसायला ओली करून पुसलेली फरशी द्या, बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. कूलर चालू ठेवा, पण त्याचा झोत थेट अंगावर नको. आडवी पडून धापा टाकत असेल, तोंडातून लाळ गळत असेल तर साध्या पाण्यानं कान आणि पाय ओले करा आणि लगेच डॉक्टर गाठा.

पिल्लं आली

या दिवशी तुम्हाला फारसं काही करायचं नसतं. पिल्लं साधारण पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं येतात, आई त्यांना चाटून कोरडं करते, वारही खाते. वीस मिनिटं कळा देऊनही पिल्लू आलं नाही किंवा रक्त थांबेना, तरच धावपळ करा.

उंदराचं पिल्लू तीन आठवड्यांत जन्मतं ते उघडं आणि डोळे मिटलेलं. गिनीपिगचं पिल्लू आईच्या पोटात दोन महिने राहून येतं. अंगभर केस, डोळे उघडे, तोंडात दात, आणि तासाभरात ते आईमागे धावू लागतं. हे पहिल्यांदा पाहताना आजही आमचा श्वास थांबतो. एका वेतात बहुधा दोन ते चार पिल्लं असतात, पण आईला सड दोनच. चार पिल्लं असली तर ती पाळीपाळीनं पितात, घाबरू नका. जन्मतः वजन ६० ते १०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवून रोज वजन घ्या. पहिल्या एक-दोन दिवसांत ते किंचित उतरतं, पुढे रोज वाढायला हवं. हाताळल्यानं आई पिल्लाला टाकत नाही, फक्त हात कोरडे आणि स्वच्छ असू द्या.

पिंजऱ्याचे गज जवळजवळ आहेत ना, तेवढं बघा. पिल्लू गजांतून सहज निसटतं. तळाला जाळी असेल तर त्यावर जाड कापड घाला, बारीक पाय अडकून मोडतात. पाण्याची बाटली खाली बांधा.

एकविसावा दिवस

तीन आठवड्यांचं नर पिल्लू स्वतःच्या आईला आणि बहिणींना गाभण करू शकतं, आणि मादी पिल्लू चौथ्या आठवड्यापासून गाभण राहू शकतं. म्हणून एकविसाव्या दिवशी नर पिल्लं वेगळी करायचीच. ती वडिलांसोबत राहू शकतात. मादी पिल्लं आईजवळच राहू द्या.

नर-मादी ओळखणं या वयात अवघड जातं आणि सगळी गडबड तिथेच होते. अठराव्या दिवसापर्यंत पिल्लं हवेशीर टोपलीत, गवतासकट, सकाळी ऊन चढायच्या आत दुकानात घेऊन या. आम्ही तपासून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. आईलाही सोबत आणा, रस्त्यात पिल्लं तिला बिलगून शांत बसतात.