जीप ग्रँड चेरोकी : पाच पिढ्यांची वाटचाल

जीप ग्रँड चेरोकी ही अमेरिकेतील जीप या ब्रँडची मध्यम आकाराची एसयूव्ही. १९९२ साली ती बाजारात आली आणि तेव्हापासून तिचे उत्पादन कधी थांबलेले नाही. आतापर्यंत तिच्या पाच पिढ्या झाल्या. कंपनीचे अभियंते आणि जाणकार मालक त्यांना कारखान्यातल्या सांकेतिक नावांनीच ओळखतात : झेडजे, डब्ल्यूजे, डब्ल्यूके, डब्ल्यूके-टू आणि डब्ल्यूएल. या काळात कंपनीचे मालक इतक्या वेळा बदलले की गाडीचा इतिहास आणि मालकीचा इतिहास वेगळे काढणे कठीण आहे. बॉनेट उघडून किंवा गाडीखाली वाकून पाहिले, तर ती कोणाच्या राज्यात घडली हे बहुतेक वेळा ओळखता येते.

पूर्वपीठिका. चेरोकी हे नाव जीपने प्रथम १९७४च्या मॉडेलला दिले. ती दोन दारांची, चासीवर उभारलेली दणकट गाडी होती. खरा बदल १९८४च्या चेरोकीने (एक्सजे) घडवला. तेव्हा जीप अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशन (एएमसी) या छोट्या कंपनीकडे होती आणि एएमसीत फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचा मोठा वाटा होता. एक्सजेला वेगळी चासी नव्हती. मोटारीप्रमाणे बॉडी आणि चासी एकत्र घडवलेली असल्याने ती हलकी होती, तरीही कच्च्या रस्त्यावर कमी पडत नव्हती.

अशा गाड्यांना कायद्याचाही हात लागला. १९७५च्या कायद्यानुसार अमेरिकेत इंधनवापराचे मापदंड आले, पण जीपसारखी वाहने ‘हलके ट्रक’ या वर्गात मोडत आणि त्या वर्गाचे मापदंड मोटारींपेक्षा सैल होते. मोठी स्टेशन वॅगन विकणे अवघड होत गेले आणि तीच प्रवासी, तेच सामान वाहणारी उंच गाडी विकणे सोपे. एसयूव्हीच्या लाटेचे श्रेय ग्राहकांच्या साहसी वृत्तीला देण्याची जाहिरातदारांची सवय आहे. नियमांचा वाटा मात्र क्वचितच सांगितला जातो.

एक्सजेची जागा घेणाऱ्या गाडीचे काम एएमसीने १९८३च्या सुमारासच सुरू केले. लॅरी शिनोदा, अलेन क्लेने आणि इटलीचे जोर्जेत्तो जुजारो या बाहेरच्या डिझायनरांकडूनही आराखडे मागवण्यात आले. १९८७ साली क्रायस्लरने एएमसी विकत घेतली, ती मुख्यतः जीपसाठी. त्याबरोबर रेनॉमधून आलेले अभियंता फ्रान्स्वा कास्तँ आणि त्यांचा चमूही क्रायस्लरला मिळाला. पण क्रायस्लरचा पैसा त्या वेळी मिनीव्हॅनच्या नव्या आवृत्तीत गुंतला होता, म्हणून जीप मागे पडली. तेवढ्यात १९९०मध्ये फोर्डने एक्स्प्लोरर आणून बाजार काबीज केला. इकडे जुनी एक्सजे इतकी खपत होती की ती बंद करणे परवडणारे नव्हते. शेवटी नवी गाडी वारस म्हणून न आणता वरच्या दर्जाची बहीण म्हणून आणायचे ठरले आणि नावापुढे ‘ग्रँड’ लागले. एक्सजे अमेरिकेत २००१पर्यंत विकली जात राहिली.

पहिली पिढी (झेडजे, १९९३–९८). तिचे अनावरण ७ जानेवारी १९९२ रोजी डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात झाले. क्रायस्लरचे अध्यक्ष बॉब लुट्झ यांनी शेजारी शहराचे महापौर कोलमन यंग यांना बसवून जेफरसन नॉर्थ कारखान्यातून गाडी काढली, ती कोबो सभागृहापर्यंत आणली, पायऱ्या चढवली आणि दर्शनी काच फोडून थेट आत नेली. काच अर्थातच या प्रसंगासाठी बसवलेली होती. हा नुसता तमाशा नव्हता. उजाड होत चाललेल्या डेट्रॉइटच्या पूर्व भागात, जुन्या कारखान्याच्या जागी नवा कारखाना उभा राहिला होता आणि गाडी तिथूनच निघाली होती. महापौरांना शेजारी बसवण्यामागे हा अर्थ होता.

यंत्ररचना एएमसीच्या विचारांची होती. बॉडी आणि चासी एकसंध, पण पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल, म्हणजे बैलगाडीच्या कण्यासारखा दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा. त्यावर कॉइल स्प्रिंग. असा अ‍ॅक्सल खडकाळ वाटेवर एक चाक वर उचलले गेले की दुसरे खाली दाबतो, त्यामुळे पकड सुटत नाही. उलट वेगात, गुळगुळीत रस्त्यावर स्टीअरिंगला तो जड आणि उडत्या चालीचा वाटतो. पुढच्या चार पिढ्यांची बहुतेक कथा हा दांडा काढून टाकण्याची कथा आहे.

मुख्य इंजिन एएमसीचेच, ४ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले आणि १९० अश्वशक्तीचे. टिकाऊपणासाठी त्याचे नाव आजही घेतले जाते. त्याच्या जोडीला क्रायस्लरचे ५.२ लिटर व्ही-एट, म्हणजे ‘व्ही’ आकारात आठ सिलिंडर असलेले इंजिन आले. १९९८ साली ५.९ लिटर, २४५ अश्वशक्तीची खास आवृत्ती निघाली आणि दणकट गाडीत स्पोर्ट्‌स कारचा वेग कोंबण्याचा जीपचा छंद तिथून सुरू झाला. चालकासमोर एअरबॅग असलेली झेडजे ही पहिली एसयूव्ही होती. युरोपसाठी ती ऑस्ट्रियातील ग्राझ येथेही बनत असे.

या पिढीवर नंतर एक गंभीर डाग लागला. इंधनाची टाकी मागच्या अ‍ॅक्सल आणि बंपर यांच्यामध्ये होती, त्यामुळे मागून जोराची धडक बसल्यास आग लागण्याचा धोका होता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३मध्ये या रचनेची, दुसऱ्या पिढीतलीही, सुमारे २७ लाख वाहने परत बोलावण्यास सांगितले. आधी नकार आणि मग वाटाघाटी झाल्या. अखेर सुमारे १५.६ लाख वाहनांना मागे टो-हिच (ट्रेलर ओढण्यासाठीची लोखंडी जोडणी) बसवून देण्यावर तडजोड झाली. टाकीच्या जागेचा दोष मागे लोखंड जोडून कितपत झाकला जातो, ही शंका तेव्हाही अनेकांनी घेतली.

दुसरी पिढी (डब्ल्यूजे, १९९९–२००४). बाहेरून ओळख तीच, आतून जवळजवळ सगळे नवे. कंपनीच्या म्हणण्यानुसार जुन्या गाडीतले फक्त १२७ सुटे भाग नव्या गाडीत आले. ४.७ लिटरचे नवे व्ही-एट मिळाले. पूर्वी सामानाच्या जागेत बाजूला उभी असणारी स्टेपनी खाली गेली आणि डिकी मोकळी झाली. सलग अ‍ॅक्सल मात्र दोन्हीकडे कायम होते. १९९८मध्ये डाइमलर-बेन्झ आणि क्रायस्लर यांचे विलीनीकरण झाले. त्याची पहिली ठळक खूण म्हणजे युरोपातल्या गाड्यांत बसलेले मर्सिडीजचे २.७ लिटर डिझेल इंजिन. १९९९मध्ये अमेरिकेत सुमारे ३ लाख ग्रँड चेरोकी विकल्या गेल्या.

तिसरी पिढी (डब्ल्यूके, २००५–१०). पुढचा सलग अ‍ॅक्सल गेला आणि दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आले. जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही, पण रस्त्यावरची चाल सुधारली. एएमसीचे सहा सिलिंडरचे इंजिनही ग्रँड चेरोकीतून निवृत्त झाले. टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे सरकली. ५.७ लिटर हेमी व्ही-एट आणि त्याहून वरची ४२० अश्वशक्तीची एसआरटी-एट ही या पिढीची आकर्षणे, तर आतले स्वस्त, कडक प्लॅस्टिक ही तिची बदनामी. पेट्रोल महागले, मंदी आली, २००७मध्ये डाइमलरने क्रायस्लरचा मोठा हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला विकून टाकला आणि एप्रिल २००९मध्ये क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षी ग्रँड चेरोकीची विक्री सुमारे ५० हजारांवर घसरली होती.

चौथी पिढी (डब्ल्यूके-टू, २०११–२१). माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पिढी. तिचा पाया डाइमलरच्या काळात, मर्सिडीजच्या एम-क्लासबरोबर मिळून आखला गेला. उत्पादन २०१०मध्ये सुरू झाले तेव्हा डाइमलर केव्हाच निघून गेली होती आणि कंपनीची सूत्रे इटलीच्या फियाटकडे होती. दिवाळखोरीतून उठलेल्या कंपनीला लगेच विकण्याजोगी तयार वस्तू मिळाली ती ही. मागचा सलग अ‍ॅक्सलही आता गेला. त्याची उणीव भरून काढायला हवेवर चालणारे सस्पेन्शन (गाडी सुमारे ४ इंच वर-खाली होई) आणि वाळू, बर्फ, खडक असे पर्याय देणारे फिरते बटन आले. पूर्वी जे काम दांडा आणि चालकाचा हात करत, ते आता संगणक करू लागला. ३.६ लिटर पेंटास्टार व्ही-सिक्स हे नेहमीचे इंजिन झाले आणि २०१४मध्ये आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला.

याच गिअरबॉक्सच्या गिअर निवडण्याच्या दांडीने घात केला. ढकलल्यावर पुन्हा मधल्या जागी येणाऱ्या या दांडीवरून गाडी नेमकी ‘पार्क’मध्ये आहे की नाही हे हाताला कळत नसे. एप्रिल २०१६मध्ये क्रायस्लर आणि डॉजच्या इतर गाड्यांसह जगभरातील सुमारे ११ लाख वाहने परत बोलावण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांत अभिनेता अँटन येल्चिन याचा स्वतःच्याच घसरत आलेल्या ग्रँड चेरोकी आणि घराच्या फाटकाजवळचा विटांचा खांब यांच्यामध्ये चिरडून मृत्यू झाला. पाठोपाठ डिझेलचे प्रकरण आले. २०१४–१६च्या सुमारे १ लाख ४ हजार डिझेल गाड्यांत (यात रॅम पिकअपही होत्या) प्रदूषण नियंत्रणाशी खेळणारे, जाहीर न केलेले सॉफ्टवेअर असल्याचा ठपका अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०१७मध्ये ठेवला. २०२२मध्ये कंपनीने फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल केला.

यातले काहीही खपाला रोखू शकले नाही. २०१८च्या ट्रॅकहॉक आवृत्तीत सुपरचार्जर लावलेले ६.२ लिटर, ७०७ अश्वशक्तीचे इंजिन होते. दोन टनांहून जड कौटुंबिक गाडीला एवढ्या शक्तीची गरज काय, हा प्रश्न ती घेणाऱ्याला पडत नसावा.

पाचवी पिढी (डब्ल्यूएल, २०२१पासून). प्रथम तीन रांगांची ‘एल’ आवृत्ती आली आणि त्याच वर्षी नंतर दोन रांगांची. ‘एल’साठी डेट्रॉइटमध्ये मॅक अ‍ॅव्हेन्यू कारखाना उभारला गेला. शहराच्या हद्दीत सुमारे तीस वर्षांनी झालेला हा पहिला नवा जोडणी कारखाना. रंगकामाच्या उग्र वासाबद्दल आसपासच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या आणि राज्याच्या पर्यावरण विभागाने नियमभंगाच्या नोटिसाही बजावल्या. मालक पुन्हा बदलला होता : जानेवारी २०२१मध्ये फियाट-क्रायस्लर आणि फ्रान्सचा प्यूजो समूह मिळून स्टेलांटिस झाली. रेनॉपासून सुरू झालेला फ्रेंच संबंध अशा रीतीने दुसऱ्या दाराने परत आला. या पिढीत प्रथमच चार्ज करता येणारी हायब्रिड आवृत्ती, फोर-एक्स-ई, मिळू लागली. २ लिटर टर्बो इंजिन आणि विजेच्या मोटारी मिळून तिची शक्ती ३७५ अश्वशक्ती होते, म्हणजे ५.७ लिटर व्ही-एटपेक्षाही थोडी जास्त.

भारतातील ग्रँड चेरोकी. जीप ब्रँड भारतात अधिकृतपणे ऑगस्ट २०१६मध्ये आला. तेव्हा चौथ्या पिढीची ग्रँड चेरोकी पूर्ण आयात होऊन विकली जाई आणि किंमत त्यामुळे फार चढी होती. पाचवी पिढी पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतल्या या कारखान्यात २०१७पासून जीप कंपास बनत होती. नोव्हेंबर २०२२मध्ये ग्रँड चेरोकी ७७.५ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आली. इंजिनाचा पर्याय एकच, २ लिटर टर्बो पेट्रोल, २७२ अश्वशक्तीचा. डिझेल नाही, हायब्रिड नाही. जर्मन गाड्यांच्या ग्राहकाला त्याच पैशांत दुसरा बिल्ला दिसत असल्याने ती इथे मोजक्याच लोकांची गाडी राहिली.

नावाचा वाद. चेरोकी हे अमेरिकेतील एका मूलनिवासी राष्ट्राचे नाव. फेब्रुवारी २०२१मध्ये चेरोकी नेशनचे प्रमुख चक हॉस्किन ज्युनियर यांनी ते गाड्यांवरून काढावे, असे जाहीरपणे सांगितले. कंपनीने चर्चेची तयारी दाखवली, पण ग्रँड चेरोकीचे नाव बदलले नाही. धाकट्या चेरोकीचे उत्पादन २०२३मध्ये थांबले तेव्हा निदान ते नाव तरी मागे पडेल असे वाटत होते. २०२५मध्ये कंपनीने त्याच नावाची नवी गाडी सादर केली.